अक्कानंतर मी चालले

अक्का माझी थोरली बहीण. ती कारखान्यात टॉवेलांना शिलाई मारायची, मी बँकेत होते. तिचा तोल जायला लागला तेव्हा गल्लीतल्या बायका आईला आडून विचारायच्या, "पोरगी पिऊन येते का हो?" आई दार लावून घ्यायची आणि आमच्या घरच्या तेलुगूत देवाला बोल लावायची.

निदानाला फार उशीर झाला. शेवटी मेंदूच्या एका डॉक्टरांनी आईला विचारलं, "तुमचं लग्न नात्यातलं का?"

"सख्ख्या मामाशी. आमच्यात होतात की."

मग रक्त तपासलं. अक्काच्या शरीरात ई जीवनसत्त्व टिकतच नव्हतं, त्यामुळे नसा झिजत होत्या. आजार फार क्वचित दिसणारा, आनुवंशिक. रोज त्याच्याच कॅप्सूल घ्यायच्या, जन्मभर. झीज थांबेल, पण गेलेलं किती परत येईल हे चालीवरूनच कळणार होतं.

घोट्यांना आणि कमरेला सेन्सरचे पट्टे बांधून अक्काला हॉस्पिटलच्या व्हरांड्यात चालवलं. कॉम्प्युटरवर तिची पावलं उमटली. फाकलेली, वेडीवाकडी. फिजिओथेरपीच्या बाई मला म्हणाल्या, "तुम्ही यांच्या सख्ख्या बहीण ना? तुमचीही चाल घेऊ. रक्तही द्या."

"आज घाई आहे," म्हणत मी अक्काला रिक्षात बसवलं.

पुढचे महिने मी घाबरून काढले. चप्पल फरशीला घासली तरी छातीत धस्स व्हायचं. डोळे मिटून तोंडाला साबण लावायची हिंमत होईना. अक्का पहिल्यांदा पडली ती तशीच, डोळे मिटून तोंड धुताना.

दुसऱ्या तपासणीला अक्का माझा हात सोडेना. "काहीच फरक नसला तर गं?" मग चालली. पावलं जवळ आली होती. वळताना तिनं भिंत धरली नाही. बाई हसल्या. पट्टे सोडता सोडता अक्का मला म्हणाली, "आता तू बांध."

"मला काही झालेलं नाही."

"म्हणूनच बांध. मला कुणी तेव्हाच तपासलं असतं तर..." तिनं पट्टे माझ्या हातात दिले.

मी चालले. पाय दुसऱ्याचेच वाटत होते. चाल चांगली निघाली. रक्तही दिलं. रक्ताचा रिपोर्ट मात्र अक्कासारखाच आला.

"वेळेत सापडलात," डॉक्टर म्हणाले. त्याच दिवशी माझ्याही कॅप्सूल सुरू झाल्या.

आता दोघी बरोबरच तपासणीला जातो. माझी चाल अजून ठीक आहे. पण ती पडद्यावर उमटेपर्यंत मला श्वास सोडवत नाही, आणि अक्काही तेवढीच घाबरून, माझ्याकडे बघायचं टाळत खिडकीशी उभी असते.