खिडकीतला दक्षिण ध्रुव

कुठल्या तोंडाने सांगू हो? पण चहा पाजलाय तुम्ही, तेव्हा ऐका. माझी अब्रू माझ्याच बाटलीत बुडाली, ती गोष्ट!

ऐंशीच्या दशकात मी सिल्वासाला जीवशास्त्र शिकवायचो. त्याआधी मुंबईत माझ्या गाईड मॅडमच्या हाताखाली समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळांवर संशोधन करत होतो. सरकारी नोकरी लागली आणि ते अर्धवट टाकून पळालो. मॅडम एवढंच म्हणाल्या होत्या, "सामंत, तुझ्यावर भरवसा ठेवला होता रे." ते फार लागलं होतं मनाला.

आणि एक दिवस माझा मेव्हणा दारात! अंटार्क्टिकाला गेलेल्या जहाजावर तो स्वयंपाकी होता. पिशवीतून बाटली काढून म्हणाला, "भावोजी, बर्फाच्या कडेचं समुद्राचं पाणी. हिरवट दिसलं, तुमची आठवण झाली."

मी बाटली खिडकीत उजेडाला ठेवली, भोवती घमेल्यात बर्फ. पण कॉलनीत बातमी फुटली ना! दक्षिण ध्रुवाचं पाणी! रामेश्वराच्याही पुढचं! शेजारच्या जिग्नाबेन वाटी घेऊन हजर. "सर, थोडुं तीर्थ आपो ने!" मागोमाग जवळच्या मसाट गावच्या कारखान्यातले धुळ्याचे पाटील. "सर, माले बी एक चमचा द्या ना!"

विज्ञानाचा शिक्षक मी. हाकलायला नको होतं सगळ्यांना? पण जो तो "सर, सर" करत होता, छाती फुगली होती माझी. आईला म्हटलं, "दे गं थोडं थोडं."

सुरुवातीला तीर्थ घेणारे तोंड वाकडं करायचे. "अरे बापरे, खारट!" पुढे पुढे कुणी तोंड वाकडं करेना. पाटील तर दुसरा चमचा मागायला लागले. मी मनात हसायचो. म्हटलं, श्रद्धा, दुसरं काय!

इकडे बाटली हिरवीगार झाली. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली थेंब धरला, तर गोल गोल हिरवे जीव, पुढे दोन केसांसारखे धागे, भिरभिर पळताहेत! समुद्री शेवाळांचं माझं पुस्तक पालथं घातलं, त्यात असलं काही नाहीच. नवी प्रजाती! मी अक्षरशः नाचलो. नावसुद्धा ठरवलं, मॅडमचं! लगेच मुंबईला ट्रंककॉल. "मॅडम, याच तुम्ही. तुमच्या सामंतने काहीतरी करून ठेवलंय!"

मॅडम आल्या बिचाऱ्या. वापीला उतरून, रिक्षात अंग आंबवून. बघायला सगळी कॉलनी दारात. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग बाटलीत बोट बुडवून जिभेला लावलं.

"सामंत, मीठ कुठाय?"

माझी बायको आतून मिठाची बरणी घेऊन धावली!

"तसं नाही हो, वहिनी. हे समुद्राचं पाणी ना? मग गोडं कसं?"

मी आईकडे वळलो. आई अगदी शांत. "म्हणजे काय? तीर्थ संपू द्यायचं का? घरचं गंगाजल कमी झालं की आपण साधं पाणी घालतोच ना वरून? सगळं गंगाच होतं. तसं मी मागच्या टाकीतलं घालत होते."

मॅडम उठल्या, मागच्या दाराने जाऊन टाकीतलं थोडं पाणी आणलं, काचेखाली धरलं. तेच गोल जीव, तसेच धागे, तसेच भिरभिर! अंटार्क्टिका कॉलनीने कधीच पिऊन टाकला होता, आणि मी टाकीतलं शेवाळ बर्फात जपत होतो.

लाजेने अंगभर घाम फुटला हो! आणि तेवढ्यात माझ्या तोंडून निघालं, "मॅडम, नाव तुमचं द्यायचं ठरवलं होतं..."

मॅडम हसल्या. रागावल्या असत्या तर परवडलं असतं! म्हणाल्या, "माझं नको रे बाबा. शोध तुझा, नावही तुझंच दे."

कॉलनीने ते मनावर घेतलं. माझी बदली होईपर्यंत भिंतीपलीकडून जिग्नाबेनची हाक यायची, "भाभी, टाकीत सामंत सर बहु वाढलेत हं! घासून काढा!"

आणि ब्रश घेऊन कोण निघायचं? सामंत सरच.