बाकावरचा साक्षीदार

मोखाड्याकडच्या एका सरकारी कचेरीवर जमावानं अचानक दगडफेक केली, तेव्हा बातमीदारांत मी सगळ्यांत आधी पोहोचलो. व्हरांड्यातल्या बाकावर एक म्हातारा दाखल्याच्या कागदांची पिशवी धरून तसाच बसला होता.

"बाबा, हल्लेखोर किती होते?" मी विचारलं.

"ते नाय मोजलं," टोपीवरची काच झटकत तो म्हणाला. "पण साहेब तीन होतं. मागल्या दारानं पळालं. मला तर चार महिनं सांगतात, साहेब नाय."

आमच्या संपादकांना हल्लेखोरांचाच आकडा हवा होता. मी 'शेकडो' लिहिलं आणि साहेब गाळले.

दुसऱ्या दिवशी पुढच्या बातमीसाठी पुन्हा गेलो, तर बाक रिकामा होता. म्हातारा पिशवी मांडीवर घेऊन मागच्या दाराशी बसला होता.