आल्याचं मडकं कुलपात

दोन्ही हातांत पिशव्या, एकीत डुकराचे पाये, दुसरीत अंडी. सिउ-क्वान युएन धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर आली आणि पाहते तर सामाईक स्वयंपाकघराच्या दाराला कुलूप. नवंकोरं, पितळी, मुठीएवढं.

आत तिचं मडकं होतं.

मडक्यात काय आहे हे चिनी वस्तीतल्या त्या इमारतीत कुणालाही सांगावं लागलं नसतं. सुनेचे दिवस भरत आले तेव्हाच तिने जून आलं सोलून, कोरडं भाजून, ठेचून काळ्या गोड व्हिनेगरात शिजायला टाकलं होतं. अधूनमधून उकळी द्यायची, आल्याचा झणका रसात उतरू द्यायचा, आणि मूल झालं की त्यात पाये नि उकडलेली अंडी सोडायची. बाळंतिणीच्या हाडांत शिरलेला वारा त्यानेच निघतो. आणि घरोघरी एकेक वाडगा पोचला की मूल जन्माला आलं असं समजायचं. तोवर हॉस्पिटलवाले काहीही म्हणोत.

सून लाय-यी बाळंत झाली होती. मुलगी. उद्या बारावा दिवस. उद्या वाडगे निघायला हवेत, आणि मडकं कुलपात!

"सकाळीच लावलं टामने," शेजारच्या मोक वहिनी दारातून डोकं काढून म्हणाल्या. "वरच्या भाडेकरूची तक्रार आहे म्हणे. वासाची."

"कसला वास?"

"तुझाच. म्हणजे तुझ्या मडक्याचा गं. आता चिडू नकोस बाई, दुकानातनं बाटली आण. हल्ली तयार मिळतं."

सिउ-क्वानने डोळे वटारले. मोक वहिनींनी दार लोटून घेतलं.

बाटली म्हणे! एकाने पँट चढवायची तर दुसऱ्याने खाटेवर पाय घेऊन बसायचं, एवढ्याशा खोलीत सिउ-क्वानने संसार केला. नवरा हॉटेलात भांडी घासायचा, ही शिलाईच्या कारखान्यात परक्यांच्या पँटींना चेन लावायची. त्यावर मुलगा शिकला, वेगळा राहायला गेला. ही हलली नाही. हलेल कशाला? हातपाय पसरायला सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर होतं. तिथेच भांडणं, तिथेच सोयरिकी. नवरा गेला तेव्हा बायका तिथेच तिला घेऊन बसल्या होत्या. त्याला कुलूप! घरमालक परका असता तर एक वेळ समजलं असतं. इमारत आपल्याच कुळांनी मिळून काढलेल्या संघाची. सगळ्यात वर पूर्वजांच्या तसबिरी, तळाला कचेरी, आणि कचेरीत सेक्रेटरी टाम किट-मिंग, टाय लावून. सिउ-क्वान तडक खाली उतरली.

"या काकू, बसा. चहा घ्या."

"चहा नको. किल्ली दे."

"अहो, असं कसं? पाचव्या मजल्यावरची ती ब्रिजेट बोलली मला. शिकलेली मुलगी आहे, अशी माणसं इथे यायला हवीत ना? उद्या तिने वर कुठे दोन शब्द टाकले तर तपासनीस येईल, सगळंच बंद करेल. मी तिथल्या तिथे माफी मागून टाकली. आता समितीची बैठक झाली की बघू."

"माफी मागितलीस?"

"मागितली. त्यात काय बिघडलं?"

"कशाची मागितलीस? माझ्या नातीच्या जन्माची?"

"काकू, आवाज जरा…"

"आवाज काय! तू झालास तेव्हा तुझ्या आजीने याच चुलीवर मडकं चढवलं होतं. गल्लीच्या टोकापर्यंत वास. मी नवी नवरी, कुणाला ओळखत नव्हते, घरच्या आठवणीने घास उतरत नव्हता. या देशात पोटभर पहिल्यांदा जेवले ते तुझ्या जन्माचा वाडगा. तेव्हा तुझ्या आजीने नव्हती रे कुणाची माफी मागितली."

"काळ बदललाय, काकू."

"काळ तिथेच आहे. तूच वाकलास."

पिशव्या हातात तशाच घेऊन ती पाचव्या मजल्यावर गेली. तिचं इंग्रजी कारखान्यात कमावलेलं, भांडायला पुरेल एवढं, लाडीगोडीला अपुरं. दार उघडलं ते ओल्या केसांच्या एका पोरीने. तोंडात ब्रश.

"तू बोलली वास? माझं जेवण वास?"

पोरीने ब्रश काढला. "ते तुमचं होतं? अहो, मी टामना विचारलं, एवढं छान काय शिजतंय, मला कुठे मिळेल? ते तीनतीनदा सॉरी म्हणाले आणि निघूनच गेले. मला कळेना, माझं काय चुकलं."

म्हणजे तक्रार नव्हतीच! कुणी साधं विचारलं तरी आपण आधी मान खाली घालायची. गोऱ्या माणसाचं नाक हललं की आपल्याच हाताने आपली चूल कोंडायची. खिडकीत मासे वाळवू नका, जिन्यात मोठ्याने बोलू नका, पोराला रडू देऊ नका. सासऱ्याने असंच आयुष्य काढलं, नवऱ्यानेही काढलं. त्यांचं एक वेळ समजू शकतं, त्यांना हाकलून दिलं जाण्याची भीती होती. या टामला कोण हाकलणार होतं? इथेच जन्मला, इथल्याच कॉलेजात शिकला!

तिने दोन्ही पिशव्या एका हातात घेतल्या, दुसऱ्याने पोरीचं मनगट धरलं. "चल."

सपाता फटफटवत दोघी खाली आल्या. ब्रिजेटने जे झालं ते पुन्हा सांगितलं. टामचे कान लाल झाले.

"मला वाटलं…"

"तुला वाटलं! तिने तोंड उघडलं न उघडलं तोच तू आमच्या तोंडचं काढून घेतलंस."

"बरं, आजच्यापुरतं उघडतो. पण दार लावून घ्या, आणि लवकर आटपा."

मडक्याच्या कडेला नुसता पापुद्रा धरला होता, बाकी सगळं ठीक होतं. तिने उकळी आणली, पाये तोडले. सत्तूर असा चालवला की कचेरीच्या छतापर्यंत दणके जावेत. खिडकी उघडी, दारही सताड उघडं. मोक वहिनी न बोलावता आल्या.

"बाटलीचं मी उगाच बोलले गं."

"बोललीस खरी. अंडी सोल."

दुसऱ्या दिवशी पहिला वाडगा लाय-यीला, मग घरोघरी. ब्रिजेटच्या डोळ्यांत आल्याने पाणी आलं, तरी तिने पुसून खाल्लं आणि वाडगा लखलखीत धुऊन परत आणला. रिकामा! मोक वहिनींनी कपाळावर हात मारला. जन्माचा वाडगा रिकामा परत करतात का कुठे?

"तिला कोण सांगणार होतं?" सिउ-क्वान म्हणाली.

टामलाही वाडगा गेला होता. रागापायी नातीच्या जन्माची बातमी एका घरी कमी जावी, हे तिला पटलं नसतं. आणि टामला तर सगळं ठाऊक होतं. संध्याकाळी तो स्वतः वर आला. वाडग्यात लाल कागदात गुंडाळलेली कुलपाची किल्ली.

"राहू दे तुमच्याकडे," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

सिउ-क्वानने किल्ली उलटीपालटी करून पाहिली, एप्रनच्या खिशात टाकली.

"नव्या कुलपाबरोबर दोन येतात. दुसरी कुठाय?"

"असू द्या ना काकू. संघाकडे एक असलेली बरी, म्हणजे कधी कुणी काही बोललंच तर…"

रिकामा वाडगा तिने त्याच्यापुढे तसाच धरून ठेवला.