सूचक म्हणून माझं नाव

माझी चूक आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं मी माझ्या सोयीनं सांगेन. महापालिकेच्या निवडणुकीचे अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी मी एका बाईंचा सूचक होतो आणि मी गेलो नाही. सूचक म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवणारा त्याच प्रभागातला मतदार. अर्जावर त्याची सही लागते. सही करायची आणि घरी यायचं, एवढंच काम होतं. तेवढंही मी केलं नाही, आणि वर खोटं बोललो.

आमची कॉलनी नाशिकला अंबडच्या कारखान्यांच्या मागच्या अंगाला आहे. रो-हाऊसच्या रांगा, मध्येच भाड्याच्या खोल्यांच्या चाळी, आणि या सगळ्यात अजून तग धरून असलेला फुलांचा एक मळा. तो मळा ज्यांचा आहे त्यांना आम्ही मळ्यातल्या ताई म्हणतो. आमची घरं ज्या प्लॉटांवर उभी आहेत ती जमीन एकेकाळी त्यांच्या सासऱ्यांची होती. उरलेल्या तुकड्यावर ताई झेंडू आणि शेवंती लावतात आणि फुलबाजारात नेऊन विकतात.

जुन्या नगरसेवकांची मुदत संपली आणि कितीतरी वर्षं निवडणूकच झाली नाही. प्रशासक आले. नळाला पाणी नाही, दिवा गेला, चेंबर तुंबलं, तर फोन कोणाला करायचा हेच कळेना. आम्ही शिकलेली माणसं व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तुंबलेल्या चेंबरचे फोटो टाकायचो आणि त्याखाली बाकीचे हात जोडल्याची चित्रं टाकायचे. ताई मात्र गल्लीतल्या बायका घेऊन महापालिकेच्या विभागीय कार्यालयात गेल्या. साहेब जागेवर नव्हते. बायका व्हरांड्यात बसल्या आणि सोबत आणलेल्या टोपल्यांमधली फुलं ओवायला लागल्या. सगळ्या कार्यालयात शेवंतीचा वास सुटला. दुपारी साहेब आले आणि म्हणाले, "आज कसला सण आहे?"

ताई म्हणाल्या, "तुम्ही आले ना, त्योच."

चेंबर दुसऱ्या दिवशी उपसलं. त्यानंतर गल्लीत काहीही झालं की लोक ताईंच्या मळ्याकडे चालायला लागले. त्यांनी कधी कोणाला आवाज चढवून बोललेलं मी ऐकलं नाही. त्या नुसत्या जाऊन बसायच्या.

म्हणून निवडणूक जाहीर झाली तेव्हा पाण्याच्या टाकीखालच्या मोकळ्या जागेत बैठक झाली आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं. प्रभागातल्या चार जागांपैकी महिलांच्या एका जागेवर ताईंनी अपक्ष उभं राहायचं. ताई आधी नाही म्हणाल्या, मग म्हणाल्या, "मी उभी राह्यले तर तुम्हाला पण उभं राहावं लागंल. नुसत्या टाळ्या नको. सूचक कोण?"

मी हात वर केला. तो हात वर करताना मला फार बरं वाटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रेल्वेतून निवृत्त होऊन मनमाडहून आलेले आमच्या शेजारचे काका अनुमोदक झाले. ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सुपरवायझर, कंपनीत सह्या करून करून पेन झिजवलं, आता एक कामाची सही करा."

अर्ज संगणकावर भरला. सूचक म्हणून माझं नाव आणि मतदार यादीतला माझा क्रमांक त्यावर छापून आला. सही निवडणूक कार्यालयात, सगळ्यांसमोर करायची असं ताईंनी ठरवलं. मी रजा टाकली.

आदल्या संध्याकाळी मला एक फोन आला. नाव सांगितलं नाही, पण माणूस अतिशय सभ्यपणे बोलला. म्हणाला, "सर, तुम्ही सूचक आहात असं कळलं. चांगलं काम आहे. ते तुमच्या वरच्या खोलीचं बांधकाम झालं का पूर्ण? परवानगी वगैरे काही अडचण असेल तर सांगा." एवढं बोलून त्यानं नमस्कार म्हणून फोन ठेवला. वरची खोली मी परवानगीशिवाय बांधली होती. आमच्या ओळीत बहुतेकांनी तशीच बांधली आहे. पण त्याक्षणी मला फक्त माझी खोली दिसत होती, तिच्या भिंतीवर पडणारा हातोडा दिसत होता.

सकाळी मी कंपनीचा गणवेश घातला. बायको म्हणाली, "आज रजा होती ना?"

"रद्द झाली," मी म्हणालो.

तिनं डबा भरून दिला. कंपनीत मी मोबाइल लॉकरमध्ये ठेवला आणि दिवसभर पत्र्याचे पार्ट तपासत राहिलो. त्या दिवशी मी जेवढं बारकाईनं काम केलं तेवढं कधीच केलं नसेल.

तिकडे काय झालं ते मला नंतर काकांनी सांगितलं. ताई, काका आणि गल्लीतल्या बायका निवडणूक कार्यालयाच्या फाटकापाशी उभ्या होत्या. माझा फोन लागेना. कोणीतरी म्हणालं, दुसरा सूचक घालून अर्ज नव्यानं भरू. ताई म्हणाल्या, "थांबा. येतील भाऊ. शब्द दिलाय त्यांनी." बराच वेळ त्या हेच म्हणत राहिल्या. शेवटी धावतपळत समोरच्या सायबर कॅफेत गेले, तर तिथं आधीच गर्दी आणि संगणक अडून बसलेला. नवा अर्ज हातात येईपर्यंत फाटक बंद झालं.

मी आलो असतो तर ताई उमेदवार झाल्या असत्या. माझ्यावर विश्वास ठेवला नसता तरीही झाल्या असत्या.

संध्याकाळी मी लॉकरमधून मोबाइल काढला आणि कंपनीच्या फाटकाबाहेर उभं राहून ताईंना फोन केला. तोंडातून आपोआप निघालं, "ताई, कंपनीत अपघात झाला. एका पोराचा हात प्रेसमध्ये सापडला. त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. मोबाइल आतच राहिला."

पलीकडून त्या पटकन म्हणाल्या, "आई गं. बोटं वाचली का त्याची?"

"वाचली," मी म्हणालो.

"मग झालं. अर्जाचं काय एवढं."

दुसऱ्या दिवशी त्या आमच्या दारात आल्या. पिशवीत दोन पपया होत्या. "त्या पोराला द्या. मळ्याच्या बांधावरच्या हायेत, औषध नाय मारलेलं." मी पिशवी घेतली. त्या पपया आमच्या स्वयंपाकघरात पिकत राहिल्या. बायकोनं एकदा विचारलं, कोणाच्या आहेत. मी म्हणालो, असू दे. शेवटी मऊ पडल्यावर तिनं त्या गायीला घातल्या. त्यानंतर रस्त्यात भेटल्या की ताईंचा पहिला प्रश्न, "हात कसा हाय त्याचा?" आणि मी त्या नसलेल्या पोराची तब्येत थोडी थोडी सुधारत नेत होतो.

मला वाटलं होतं ताई आता घरी बसतील. दुसरं कोणी असतं तर बसलंच असतं. पण त्यांनी वेगळंच काढलं. प्रभागातल्या सगळ्या उमेदवारांना त्यांनी आमच्या टाकीखाली एका संध्याकाळी बोलावलं. बायका प्रत्येकाच्या कार्यालयात जाऊन सांगून आल्या की हार मिळेल, भाषण मिळणार नाही. लोक बोलतील, उमेदवारांनी खाली सतरंजीवर बसून ऐकायचं. काका म्हणाले, "एकही यायचा नाही." पण एक यायला कबूल झाला म्हटल्यावर दुसऱ्याला न येऊन चालेना. बरेचसे आले.

जानेवारीची थंडी होती. लोक मफलर, स्वेटर, शाली घेऊन आले. मी मागच्या बाजूला टाकीच्या खांबाला टेकून उभा राहिलो. समोर सतरंजीवर कडक कपड्यांतली, गळ्यात झेंडूचे हार घातलेली माणसं मांडी घालून बसली होती. यातल्या काहींना मी नेहमी गाडीच्या काचेआडच पाहिलं होतं. मध्ये एक माइक, आणि माइकसमोर आमचीच माणसं.

पहिल्यांदा काका उठले. म्हणाले, "मनमाडला सगळी नोकरी टँकरची वाट बघत काढली. म्हटलं, म्हातारपणी नाशकात जाऊ, धरणाचं गाव, नळ सोडला की पाणी. इथं आलो तर तोच टँकर माझ्या आधी येऊन उभा." लोक हसले. सतरंजीवरचेही हसले. काका हसले नाहीत. "मला हसवायचं नव्हतं," एवढं म्हणून ते बसले, आणि हसणं एकदम थांबलं.

मग चाळीतली एक बाई उठली. ती सुरगाण्याकडची. भात आणि नागलीचं काम उरकलं की तिचं घर इकडे मजुरीला येतं, आणि आता ती दोन वर्षं इथंच राहिली होती. माइक हातात घेऊन तिनं आधी पदर सावरला, मग माइक दोन्ही हातांनी धरला. कोणी घाई केली नाही. ती म्हणाली, "आमच्या चाळीत नळ नाय. आम्ही कंपनीच्या गेटावरून पाणी आणतो. वॉचमन चांगला असला तर देतो. नसला तर नाय देत. माझं एवढंच." एक उमेदवार लगेच उठू लागला, "मावशी, मी निवडून आलो की पहिलं काम..."

मळ्यातल्या ताई बाजूला उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, बसा. तुमची पाळी पुढची पाच वर्षं हाय."

तो बसला. मी पाहत होतो. तो खरोखर बसला.

त्यानंतर माणसं एकामागून एक येत गेली. कॉलेजातल्या एका मुलीनं सांगितलं की बस थांब्यापासून घरापर्यंतच्या अंधारात ती आईशी फोनवर खोटं खोटं बोलत चालते. एका म्हाताऱ्यानं फक्त रस्त्यातल्या खड्ड्याची जागा सांगितली, जिथं त्याची बायको पडली होती. जे लोक रोज माझ्याशेजारून स्कूटरवरून जातात, ज्यांची नावंसुद्धा मला नीट ठाऊक नव्हती, त्यांच्या तोंडून अशी साधी, पूर्ण वाक्यं निघत होती. आणि एवढी गर्दी असून कोणी मध्ये बोलत नव्हतं. लहानपणी वडिलांनी मला गंगापूर धरणाच्या भिंतीवर नेलं होतं. मला वाटलं होतं आवाज असेल, लाटा असतील. तिथं नुसतं भरलेलं, गप्प पाणी होतं, नजर पोहोचेल तिथपर्यंत. मी वडिलांचं बोट घट्ट धरलं होतं. त्या संध्याकाळी टाकीखाली मला तसंच झालं. हे सगळं आमच्यात होतं, इतकी वर्षं होतं, आणि मी ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं पाठवत होतो.

आणि ते पाहताना हेही कळत होतं की त्या सतरंजीवर एक हार ताईंच्या गळ्यात असायला हवा होता.

तेवढ्यात ताईंनी मला खांबाजवळ पाहिलं. "भाऊ, या की. तुम्ही बोला. यांच्या कंपनीत पोराचा हात सापडला होता," त्यांनी लोकांना सांगितलं. "कारखान्यातल्या माणसाचं पण ह्यांना कळू द्या."

मी माइकपाशी गेलो. सगळे माझ्याकडे तितक्याच शांतपणे पाहत होते, जितक्या शांतपणे त्यांनी इतरांचं ऐकलं होतं. पोराच्या हाताचं मी खोडलं नाही, पथदिव्यांबद्दल काहीतरी बोललो. दोन वाक्यं. मग माइक परत दिला. एवढ्या वेळात तिथं खोटं बोललेला मी एकटाच असेन.

उमेदवार गेले. जाताना हार गळ्यातून काढून कोणी गाडीच्या आरशाला अडकवला, कोणी तसाच सतरंजीवर ठेवला. बायका ते हार गोळा करत होत्या. काही लोक चहा पीत अजून उभे होते. ताई माइकची वायर कोपराभोवती गुंडाळत होत्या. मी त्यांच्यापाशी जाऊन सतरंजीचं एक टोक उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"ताई," मी म्हणालो, "कंपनीत कोणाचा हात सापडला नव्हता."

त्यांचा हात थांबला. मी फोनचं सांगितलं, वरच्या खोलीचं सांगितलं, लॉकरचं सांगितलं. पपयांचंही सांगितलं. त्या माझ्याकडे न बघता ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मी त्या पोरासाठी देवापुढं दिवा लावला होता."

मी सतरंजीचं टोक पुन्हा उचललं.

"मला एकटीला सांगून काय करू मी?" त्या म्हणाल्या. "शब्द मला एकटीला दिला होता का? ह्याच जागी, माणसांसमोर दिला होता. माणसं हायेत अजून." त्यांनी गुंडाळलेली वायर तेवढीच उलगडली, पिन परत बोर्डात घातली आणि माइक माझ्या हातात दिला. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता. मला तो पहिल्यांदाच दिसला, आणि तो दिसला याचं मला बरं वाटलं.

माइक खरखरला तसे चहा पिणारे वळले. काकांच्या हातात कप होता. माझी बायको गल्लीच्या तोंडाशी पोचली होती, तीही थांबली. सुरगाण्याची बाई हारांतली चांगली फुलं वेगळी काढत होती, तिनं मान वर केली.

मी म्हणालो, "अर्जाच्या दिवशी आमच्या कंपनीत अपघात झाला नव्हता. मला माझ्या वरच्या खोलीची भीती वाटली, म्हणून मी आलो नाही. मोबाइल मी मुद्दाम लॉकरमध्ये ठेवला. तुम्ही फाटकापाशी माझी वाट पाहत होता, हे मला माहीत होतं. ताई उमेदवार झाल्या नाहीत त्या माझ्यामुळे. ताई, मी तुमची माफी मागतो. आणि त्या दिवशी जे जे फाटकापाशी उभे होते, त्या सगळ्यांची मागतो."