शेठजींना यादीत वरचा नंबर हवा होता

मोडेम लावून फोनलाइनवरून हा संदेशांचा बोर्ड वाचणाऱ्या मंडळींनो, आज मला नोकरीचा वीट आलाय.

मी वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट गोडाऊनमध्ये कॉम्प्युटर सांभाळतो. मुख्य मशीनमध्ये नेटवर्कचं एक कार्ड होतं, बुकिंग काउंटरसाठी. काल दुसरं बसवलं, शेठजींच्या केबिनसाठी. मशीन कार्डांना शून्यापासून नंबर देतं, म्हणून काउंटर शून्य आणि केबिन एक. आमचा बुकिंगचा प्रोग्राम फक्त शून्य नंबरच्या कार्डाशी बोलतो.

सकाळी शेठजींनी स्क्रीनवर यादी पाहिली.

"काउंटर माह्या वर काहून? मालक कोन आहे इथं?"

मी समजावलं. ऐकतो कोण! शेवटी "हो शेठजी" म्हणत नंबर उलटे केले.

झालं. प्रोग्राम केबिनलाच हाका मारत बसला आणि काउंटर मुका झाला. बिल्टी, म्हणजे ट्रकसोबत जाणारी मालाची पावती, निघेना, आणि बिल्टीशिवाय ट्रक हलत नाही. दुपारपर्यंत रस्त्यावर रांग लागली.

"सकाळपासून वाट पाहून राहिलो गा," एक ड्रायव्हर कळवळून म्हणाला.

त्याच्यासमोरच शेठजी माझ्याकडे बोट दाखवून गरजले, "याले काही येत नाही!"

मी गुपचूप नंबर पहिल्यासारखे केले. मग केबिनचं नाव सगळ्यात वर टाकून एक खोटी यादी छापली आणि शेठजींच्या टेबलावर ठेवली.

ते खूष. "आता बराबर झालं ना?"

"हो शेठजी."

शिसारी आली, मंडळी. आधी त्यांची. केबिनबाहेर पडलो तेव्हा माझी. दोन्ही वेळा "हो शेठजी" मीच म्हणालो होतो.

तुम्ही काय म्हटलं असतं?