पपनस उपासाला चालतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवापुढे हात जोडून मुलांच्या परीक्षा, दुकानाचं लायसन, स्वतःचे गुडघे असं काय काय बोललो, पण हे तेवढं वगळून. देवाला माहीत असणारच, मग कशाला सांगायचं— अशी पळवाट काढली होती. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुमचा-माझा काही संबंध नाही. उद्या बाजारात समोर आलात तर खाली बघायची वेळ तरी येणार नाही.

आळेफाट्यावर माझं मेडिकलचं दुकान होतं. एका बाजूला गॅरेज, दुसऱ्या बाजूला भेळेचं हॉटेल, आणि समोर नाशिकच्या गाड्या थांबायच्या. फार्मसीचा डिप्लोमा केलेला, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलेलं. हे मुद्दाम सांगतो— पुढचं ऐकून कुणी 'अडाणी होता बिचारा, त्याला काय कळतंय' असं म्हणून मला सोडून देऊ नये.

आमच्याकडची रीत अशी की डॉक्टरकडे एकदाच जायचं. त्यानंतर वर्षानुवर्षं गोळ्यांचं रिकामं पाकीट घेऊन मेडिकलवर यायचं आणि म्हणायचं, हीच द्या. शंका विचारायच्या त्याही मेडिकलवाल्यालाच. दुधाबरोबर घेऊ का, सोयरिकीत मटण खाल्लं तर चालेल का, दाढ दुखतेय तर ही बंद करू का. लोक मला डॉक्टर म्हणायचे. सुरुवातीला मी म्हणायचो, अहो, मी डॉक्टर नाही. मग म्हणेनासा झालो. कधीपासून? आठवत नाही. गोड लागलं की माणूस मोजत नाही.

पिंपरी पेंढारच्या पार्वताबाई म्हणून एक म्हातारी होत्या. साठी ओलांडलेली, बांधा काटक, आवाज खणखणीत. ब्लडप्रेशरची गोळी चालू होती, रोज सकाळी एक, काहीतरी खाऊन. पण म्हातारीचे उपास किती म्हणून सांगू! सोमवार, चतुर्थी, एकादशी, शिवाय नवरात्राचे नऊ दिवस, फक्त फळं आणि दुधावर. उपाशीपोटी गोळी घ्यायची नाही असं सांगितलेलं, म्हणून उपास असला की गोळी बंद. मग प्रेशर चढायचं आणि डोकं गच्च धरून बसायच्या.

त्यांची धाकटी सून शोभा औषध न्यायला यायची. तिनेच एकदा काकुळतीला येऊन विचारलं, "भाऊ, आत्या उपासाला गोळी घेत न्हाईत. काय करू?"

आणि मला सुचलं! त्यांच्या परड्यात पपनसाचं झाड होतं, हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, पपनस उपासाला चालतं ना? मग चार फोडी खायला द्या आणि वर गोळी द्या. पोटही रिकामं नाही आणि उपासही मोडत नाही. दुकानातल्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, "डॉक्टरांचं डोकंच लई चालतं राव." काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी मी घरी छाती फुगवून जेवलो.

इथपर्यंत माझी चूक नव्हती, असं म्हणता येईल. मला खरंच माहीत नव्हतं. तेव्हा आमच्या भागात कुणालाच माहीत नव्हतं.

पण पुढच्या वर्षी, गणपती उठल्यानंतर, एक औषध कंपनीचा माणूस ऑर्डर घ्यायला आला. पार्वताबाईंनी पाठवलेली पपनसं काउंटरवर होती. दरवर्षी पाठवायच्या, दोन-तीन, पिशवीत घालून. मी त्याच्यासाठी एक सोललं, मीठ लावून फोडी पुढे केल्या आणि मोठ्या कौतुकाने माझी ती उपासाची युक्ती सांगितली. तो खाता खाता थांबला. कुठली गोळी, म्हणाला. मी नाव सांगितलं. तर तो म्हणाला, साहेब, तसं करू नका. या जातीच्या फळाने ती गोळी शरीरात नेहमीसारखी मोडत नाही, साठत जाते. एक घेतली तरी जास्त घेतल्यासारखा जोर होतो. प्रेशर एकदम उतरतं, चक्कर येते. आणि सकाळी फळ, संध्याकाळी गोळी असं केलं तरी उपयोग नाही, त्याचा अंमल दिवसभर राहतो. सगळ्याच गोळ्यांचं तसं नसतं, पण या गोळीचं असतं.

मी हसलो. म्हणालो, आमची माणसं दणकट आहेत, त्यांना काही होत नाही. तो गेल्यावर पाकिटातला इंग्रजी कागद उलगडला. बारीक अक्षरात लिहिलेलं होतंच. त्या कागदावर मी वर्षानुवर्षं चहाचा ग्लास ठेवत आलो होतो.

म्हणजे कळलं. त्या दिवशी कळलं. आता ऐका, मी काय केलं ते.

शोभा आली ती पितृपंधरवड्यात. तीन पाकिटं मागितली, दहा-दहाची, म्हणजे तीस गोळ्या. पिशवीत भरून देत होतो तेव्हा तिनं आपणहून विचारलं. हे मला आजही पटत नाही— तिनं आपणहून विचारलं! "भाऊ, आत्या म्हणत्यात नवरात्रात नऊ दिवस पपनसच खाईन गोळीसंगं. चालंल ना वो रोज?"

दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. त्यातल्या एकाला मी तीच युक्ती मोठ्या तोऱ्यात सांगितलेली. काय म्हणायचं होतं मला? 'नको, मागच्या वर्षी मी सांगितलं ते चुकीचं होतं.' एवढंच. इतकं म्हणायला किती वेळ लागतो? लोक बघत होते. डॉक्टर चुकले, असं त्या माणसाने हॉटेलात जाऊन सांगितलं असतं, बाकी काही झालं नसतं.

मी म्हणालो, "चालतं की. न चालायला काय झालं?"

ती गेली. मग मनाशी ठरवलं, उद्या कुणाबरोबर तरी निरोप धाडू. पिंपरी पेंढारची माणसं रोज दुकानासमोरून जायची. नवरात्राला बारा दिवस होते हातात. रोज एखादा ओळखीचा चेहरा दिसायचा, आणि रोज मला वाटायचं, याला सांगितलं तर हा विचारेल, का बरं? घट बसले त्या दिवशी मी बायकोने केलेली साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि म्हटलं, होतंय काय एवढ्याने.

सातव्या माळेला पार्वताबाई पडल्या.

सकाळची गोळी घेतली, आरती केली, आणि ओट्यावरून अंगणात उतरताना डोळ्यापुढे अंधारी आली. खुबा मोडला. दवाखान्यात नेलं तेव्हा प्रेशर इतकं उतरलेलं की तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, गोळी जास्त गेली का? गोळी कोण देतं यांना?

गोळी शोभा देत होती.

तिचा थोरला दीर भोसरीला कंपनीत होता. निरोप कळताच रजा टाकून आला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शोभाला आणि तिच्या नवऱ्याला घेऊन माझ्या दुकानात. हातात गोळ्यांची पिशवी. पिशवी काउंटरवर ओतली आणि म्हणाला, "डॉक्टर, तुमीच मोजा. घरात कुणाच्या बोलण्यावर माझा इस्वास न्हाई."

गोळ्या कुठल्या दिवशी दिल्या, ते मी एका वहीत टिपून ठेवायचो. घरी कुणाला तारीख आठवत नव्हती. शोभा म्हणत होती, पितरांच्या आधी की मध्ये, असं काहीतरी. वही माझ्या हातात. मी मोजल्या. अकरा शिल्लक होत्या. वही उघडली. गोळ्या दिल्यापासून म्हातारी पडली त्या दिवसापर्यंत एकोणीस सकाळी. तीस वजा एकोणीस, अकरा. एक कमी नाही, एक जास्त नाही. त्या बाईने एक दिवस चुकवला नव्हता.

बरोबर आहेत असं म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला. मग चक्कर कशानं आली? मग कुणीतरी म्हणणार, खाण्यात काय आलं? मग पपनस. मग— कुणी सांगितलं?

पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. आणि तोंडातून वाक्य बाहेर पडलं, अगदी शांत, हिशोबी आवाजात. "सतरा दिवस होतायत. दोन गोळ्या जास्त गेल्यात."

शोभा माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही, भांडली नाही. फक्त म्हणाली, "भाऊ, परत एकदा बघा की."

मी वही मिटली.

त्या एका क्षणाला मी किती वेळा परत गेलो असेन! दर वेळी वही मिटते. मनातल्या मनातसुद्धा मला ती उघडता आलेली नाही. उपासानेही प्रेशर उतरलं असेल, वय झालं होतं, ओटा उंच होता, असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं. असेलही तसं. पण दोन गोळ्या कुठून आणल्या मी? त्या तर मीच आणल्या.

पार्वताबाई वाचल्या, पण पुन्हा चालल्या नाहीत. तीन वर्षं अंथरुणावर होत्या. दवाखान्यात गोळी बदलून दिली होती, ती मी त्या वेळी दहादा तपासली, तिला पपनसाची बाधा नव्हती, म्हणजे पपनसाचा प्रश्न मिटला आणि माझं तोंडही कायमचं मिटलं. म्हातारीचं हगणं-मुतणं शोभा काढायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून रात्रंदिवस कूस बदलायची. गोळी मात्र शेजारीण येऊन द्यायची. गोळ्यांचा डबा शेजारणीकडे ठेवलेला. म्हातारी म्हणायची म्हणे, "हिच्या हातची नको गं बाई." गावात हळदी-कुंकवाला शोभा गेली की बायका गप्प व्हायच्या. सासूच्या जिवावर उठली होती, हे वाक्य माझ्या काउंटरवरसुद्धा ऐकलं मी, दोघींच्या तोंडून, आणि त्यांना खोकल्याचं औषध दिलं.

आणि मी काय केलं माहीत आहे? त्या जातीची गोळी नेणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागलो. पपनस खाऊ नका बरं का, अजिबात नाही, दुसरं फळही रोज खाणार असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. लोक म्हणायचे, किती काळजी घेतात! तालुक्यात सगळ्यांना सांगितलं. जिला सांगायचं होतं तिला सोडून.

शेवटचं सांगतो आणि थांबतो.

म्हातारी जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आले होते, फाट्यावर दोन मेडिकल आणखी झाली होती. तरी शोभा माझ्याकडेच आली. केस पिकायला लागलेले. आता तिलाच प्रेशर निघालं होतं, डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. मी गोळ्या काढल्या. कधी घ्यायच्या, काय खायचं नाही, सगळं सांगितलं. पपनसाचंही सांगितलं. म्हटलं, आता हिच्या लक्षात येईल. आता ही मान वर करून विचारेल. खरं सांगतो, विचारावं असंही वाटत होतं.

ती वेगळ्याच विचारात होती. पाकीट उलटंपालटं करत म्हणाली, "भाऊ, मला लई भ्या वाटतं गोळ्यांचं. तवा मी किती रडले, म्या जादा दिल्याच न्हाईत म्हून. पण आता वय झालं तसं वाटाया लागलंय— दिल्या असतील. गडबडीत परत दिली असंल दोनदा. तुमी मोजल्या व्हत्या म्हंजे खोटं कसं असंल? आत्यांचं वाटोळं माझ्याच हातनं झालं."

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. गिऱ्हाईक नाही, दीर नाही, नवरा नाही. एकही माणूस ऐकायला नव्हता. मी काउंटरच्या या बाजूला, ती त्या बाजूला.

मी पिशवी पुढे सरकवली आणि म्हणालो, "जपून जा."

शोभाने एकोणीस सकाळी एकोणीस गोळ्या दिल्या होत्या. दोन गोळ्यांचं खोटं माझं आहे. ती अजून तिकडेच राहते, आणि तिला अजून वाटतं की तिच्याच हातून झालं.