एकोणिसावा गडी

नॅरिंगा गावात लॉइड पॅस्कोला कुणी लॉइड म्हणत नसे. एकोणीस म्हणत. विसाव्या वर्षी, अठरा-अठरा गड्यांच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, ज्याच्या जागी खेळायचं तो बाहेर येण्याआधीच हा घाईने आत धावला. मैदानात अठराऐवजी एकोणीस झाले. समोरच्या कप्तानाने मोजणी मागितली, पंचांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि नॅरिंगाचे तोवरचे सगळे गुण नियमाप्रमाणे पुसले. हातातला चषक गेला.

दुसरा असता तर गाव सोडून कुठेतरी मेंढ्या कातरत बसला असता. लॉइड आणखी बारा हंगाम तिथेच खेळला आणि गुडघा गेला तेव्हा प्रशिक्षक झाला. दिवसा गव्हाच्या कोठारावर काम, मंगळवारी-गुरुवारी सराव. सामन्यात दर डावाला तो बोटांवर दोन्ही संघ मोजायचा. लोक हसायचे. हसू देत.

यंदा मात्र कुणी हसत नव्हतं. दोन वर्षांत नॅरिंगाने एकही सामना जिंकला नव्हता. हाही हंगाम कोरडा गेला तर संघ शेजारच्या पैसेवाल्या केल्स फ्लॅटमध्ये विलीन होणार, नावासकट. आणि शेवटचा सामना नेमका त्यांच्याशीच.

चौथ्या, शेवटच्या डावात केल्स फ्लॅट एकतीस गुणांनी पुढे होतं. कुंपणाला लावलेल्या त्यांच्या गाड्यांचे भोंगे थांबत नव्हते. लॉइडने सवयीने त्यांचे गडी मोजले. एकोणीस. परत मोजलं. एकोणीसच.

त्याने निरोप्या पळवून कप्तान टली नोस्कीला कडेला बोलावलं. टली घुटमळला.

"लोक म्हणतील, खेळून नाही, मोजून जिंकले."

"मला एकतीस वर्षं म्हणतायत. मेलो का मी? आपल्याला एक नियम आणि त्यांना दुसरा, असं नाही चालायचं. जा, माग मोजणी."

रांग लागली. केल्स फ्लॅटचा आकडा पुसला गेला, नॅरिंगाचा तसाच राहिला. त्यांच्या प्रशिक्षकाने लॉइडची लाज काढली, गाड्यांतून शिव्या आल्या. लॉइड आपल्या पोरांवर ओरडत राहिला. उरलेल्या अकरा मिनिटांत त्यांनी केल्स फ्लॅटला एकच गोल करू दिला. नॅरिंगा जिंकलं, वाचलं.

केल्स फ्लॅटचा जादा गडी तोंडावर जर्सी ओढून बाकावर एकटाच बसला होता. लॉइड लंगडत गेला आणि त्याच्या शेजारी टेकला.

"आता तुला नावाने कुणी हाक मारणार नाही. मारतील त्या हाकेला ओ दे. आणि गुरुवारी सरावाला जा, सगळ्यांच्या आधी."